गुलाबी अळीची पोथी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत वर्षाकाठी एक प्रश्न हटकून असतो. यंदा तो जळगावच्या एका वाचकाने विचारला आहे. ते लिहितात, "उत्क्रांती, नैसर्गिक निवड वगैरे गोष्टी तुम्ही मंडळी मोठ्या ठसक्यात लिहिता, पण एखादी जात बदलताना कोणी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली आहे काय? आमच्या परसात तीन पिढ्या माकडे येत आहेत. पेरू खातात, कौले फोडतात आणि जातात. त्यांतले एकही अजून माणूस झालेले नाही."

पत्रलेखकाच्या विनोदबुद्धीला नमस्कार करून प्रथम एवढेच सांगतो की, परसातले माकड हा आपला पणजोबा नव्हे. तो आपला फार लांबचा भाऊबंद. दोन घराण्यांचा मूळपुरुष एक होता असे म्हटले, म्हणजे एका घराण्याने उद्या दुसऱ्यात जाऊन मिसळावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. पण त्यांचा मुख्य प्रश्न खरा आहे, आणि तो जळगावच्याच माणसाने विचारावा याची मला मोठी मौज वाटली. जगात ज्या थोड्या ठिकाणी उत्क्रांती माणसाच्या डोळ्यांदेखत घडली, त्यांपैकी एक ठिकाण त्यांच्या शहराबाहेर कोणत्याही रस्त्याने दोन कोसांवर आहे. शाळेतल्या मास्तरांनी आपल्याला इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या धुरकट पतंगाची गोष्ट सांगितली. आपल्या खानदेशातल्या पतंगाची गोष्ट मात्र कोणी सांगितली नाही. ती आज सांगतो.

खानदेशात दिवाळी आणि कापूस यांचे नाते मी धुळ्याला लहानपणापासून पाहत आलो. दसऱ्याच्या मागेपुढे पहिली वेचणी व्हायची, कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दारात रांगेने उभ्या राहायच्या आणि त्या पैशांवर घरोघरचे कपडे, फटाके, लेकीचे माहेरपण ठरायचे. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांचे भोंगे आता थांबले आहेत. पण जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत कापूस आजही तितक्याच जिवाभावाचा आहे. शेतकऱ्याच्या घरची दिवाळी अजून बोंडातच असते.

या बोंडात आणखी एकाचीही दिवाळी असते. ती गुलाबी बोंडअळी.

ही बाई मूळची आपल्याच मुलखातली म्हणायला हरकत नाही. शास्त्रीय जगाला तिची ओळख झाली १८४३ साली, आणि ज्या नमुन्यांवरून साँडर्स नावाच्या इंग्रजाने तिचे वर्णन केले ते भडोचच्या कापसातून गेलेले होते. पुढे सरकीच्या पोत्यांतून तिने देशोदेशींचा प्रवास केला. विसाव्या शतकाच्या आरंभी ती इजिप्तला होती, तेथून मेक्सिकोला गेली आणि १९१७ साली अमेरिकेतल्या टेक्सासात सापडली. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. एका सरकीत अंगाची मुटकुळी करून निजायचे आणि जिथे जाग येईल तो आपला देश.

तिची राहणी मोठी आतल्या गाठीची. करड्या रंगाची, नखाएवढी पाखरे रात्री उडतात. मादी पात्यांवर, बोंडांवर शंभरावर अंडी घालते. अंड्यातून निघालेली सुतासारखी बारीक अळी लगेच बोंडात शिरते आणि तिच्यामागे ते भोक बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, घटमूट. आत सरकी फस्त होत असते. फवारणी तिला पोचत नाही. बोंड फुटायच्या वेळी पांढऱ्याशुभ्र कापसाऐवजी पिवळट, चिकटलेली कवडी हाती येते, तेव्हा शेतकऱ्याला कळते की आपल्या घरात कोणी राहून गेले. उबदार दिवसांत तिची एक पिढी महिनाभरात पुरी होते. हंगाम संपला, की शेवटची पिढी सरकीत किंवा पालापाचोळ्यात सुप्तावस्थेत पडून राहते.

अशा या अळीविरुद्ध २००२ साली एक नवे शस्त्र आपल्याकडे आले. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने बीटी कपाशीला परवानगी दिली. बीटी म्हणजे मातीत राहणाऱ्या एका जंतूच्या लांबलचक लॅटिन नावाची आद्याक्षरे. १९०१ साली जपानात रेशमाचे किडे मारणारा म्हणून तो ध्यानात आला आणि १९११ साली जर्मनीत थुरिंजिया प्रांतात पुन्हा सापडला. नाव मिळाले ते त्या प्रांतावरून. हा जंतू एक प्रथिन बनवतो. अळीच्या आतड्यात ते विरघळते, आतड्याच्या भिंतीवरच्या एका विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटते आणि भिंतीला भोके पडून अळी मरते. त्या भिंतीवरच्या प्रथिनाचे नाव कॅडहेरिन. त्याला आपण कुलूप म्हणू आणि जंतूच्या विषाला किल्ली म्हणू. माणसाच्या पोटात असे कुलूप नाही, म्हणून ती किल्ली आपल्याला लागत नाही. शास्त्रज्ञांनी जंतूमधले हे विष बनवण्याचे जनुक उचलून कपाशीत बसवले, आणि कपाशीचे झाड स्वतःच ते बनवू लागले.

इथे क्षणभर थांबून एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मातीतल्या जंतूचा मजकूर कपाशीच्या झाडाला वाचता कसा आला? मोडी लिहिलेला कागद तामीळ कारकुनापुढे टाकला तर तो नुसता पाहत राहील. पण जंतू, कपाशी, अळी आणि तो कापूस नेसणारा माणूस या सर्वांची आनुवंशिक लिपी एकच आहे. चार अक्षरे, तीन-तीन अक्षरांचे शब्द आणि शब्दांचे अर्थही जवळजवळ सर्वत्र तेच. इतक्या परक्या प्राण्यांची लिपी एक असण्याचे समजण्याजोगे कारण एकच, ती सर्वांना एकाच मूळ घरातून वारशाने मिळाली. बीटी कपाशीचे पाकीट विकत घेणारा प्रत्येकजण, त्याला ठाऊक असो वा नसो, डार्विनसाहेबांच्या सिद्धांताचा एक पुरावा खिशात घालून घरी जात होता.

पहिली वर्षे सुखाची गेली. फवारण्या कमी झाल्या, बोंडे निरोगी राहिली. २००६ साली दोन विषांची कपाशी आली, म्हणजे एकाऐवजी दोन किल्ल्या. काही वर्षांतच देशातल्या दहा भागांपैकी नऊ भागांहून अधिक कापूस बीटीचा झाला. पण तोवर गुजरातेत कुजबूज सुरू झाली होती. अमरेलीकडच्या शेतांतून २००८ च्या हंगामात गोळा केलेल्या गुलाबी अळ्या पहिल्या विषावर मजेत जगत होत्या, आणि २०१० साली बियाणे कंपनीनेही ते जाहीर केले. पुढच्या चार-पाच वर्षांत दुसरे विषही गुजरातेत निकामी ठरू लागले. तापी नदी गुजरातेत जाते आणि पाखरे तिकडून इकडे येतात. त्यांना जकातनाका नाही. २०१७ साली विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश येथली बोंडे किडली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, आणि हिवाळ्यात नागपूरच्या अधिवेशनात सरकारला मदत जाहीर करावी लागली.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी पारोळ्याकडे माझ्या मावसभावाच्या शेतावर होतो. आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो. नानांनी एक बोंड तोडले, अंगठ्याच्या नखाने उकलले आणि माझ्यापुढे धरले. आत सरकीच्या जागी एक गुबगुबीत गुलाबी अळी.

"बघ, तुझी शहाणी बीटी," नाना म्हणाले. "पंधरा वर्षांत अळीला विषाची सवय झाली. दारूड्याला होते ना, तशी. आधी एका पेल्यात पडायचा, आता बाटली रिचवून चालत घरी येतो."

नानांचे हे म्हणणे खानदेशात दहांपैकी नऊ जणांच्या तोंडी ऐकू येते. वर्तमानपत्रेही 'अळी विषाला सरावली' असेच छापतात. आणि नेमका इथेच सारा घोटाळा आहे. अळी सरावली नाही. एकही अळी सरावली नाही. ज्या अळीला विष बाधत होते ती पहिल्याच दिवशी मेली. सराव करायला तिला सवडच मिळाली नाही. ज्या उरल्या त्यांना ते विष मुळातच बाधत नव्हते. बदलली ती अळी नव्हे, बदलली ती अळ्यांची शिरगणती. नैसर्गिक निवड म्हणतात ती एवढीच. सारे पुस्तकी शब्द काढून टाकले तर ती एक चाळण आहे. चाळण धान्याला काही शिकवीत नाही. काय वर राहते आणि काय खाली पडते एवढेच ती ठरवते.

हा हिशेब एकदा बोटांवर करून पाहू. प्रत्येक अळीला त्या कुलपाच्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. नकल उतरताना क्वचित चूक होते आणि कुलूप बिघडलेले निघते. अशा कुलपाला किल्ली लागत नाही. पण एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असली तर चांगल्या कुलपातून विष आपले काम करते आणि अळी मरते. वाचायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. समजा, हजार प्रतींत एक बिघडलेली आहे. मग दोन्ही बिघडलेल्या असलेली अळी दहा लाखांत एक. विषाशिवायच्या जगात या दहा लाखांतल्या एकीला कोणी विचारले नसते. पण सगळा मुलूख बीटीने झाकल्यावर बाकीच्या नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव मेल्या, आणि कोट्यवधींच्या वस्तीतल्या अशा मोजक्या अळ्यांना सारे रान मोकळे मिळाले. पाखरे होऊन त्यांची लग्ने लागली ती आपसांतच, कारण दुसरे कोणी उरलेच नव्हते. मुले झाली ती सगळी दोन्हीकडून बिघडलेल्या कुलपांची.

डार्विनसाहेबांचा ग्रंथ १८५९ साली निघाला. हा बदल इतका संथ असतो की घडताना तो दिसत नाही, अशीच त्यांची समजूत होती. अळीची पिढी महिन्याची, एका हंगामात चार-पाच पिढ्या. २००२ ते २०१७ या पंधरा वर्षांत तिच्या सत्तर-पंच्याहत्तर पिढ्या उलटल्या. माणसाच्या हिशेबाने तेवढ्याच पिढ्या मागे जायचे तर सातवाहनांच्या राज्यात जावे लागेल. आपण जे अठराशे वर्षांत पाहायचे ते अळीने एका शेतकऱ्याच्या उमेदीच्या वर्षांत करून दाखवले.

चाळणीला काम करता येते ते दाणे लहानमोठे असले तरच. त्याचे उलट उदाहरणही जळगाव जिल्ह्यातच आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागा पाहा. केळीला बी नाही. एका कंदाची किंवा एका ऊतीची रोपे म्हणजे एकाच झाडाच्या हजारो नकला. बाजाराला हे फार सोयीचे, घड सारखे आणि माल एकजात. पण अलीकडच्या काही पावसाळ्यांत मोझॅकचा विषाणू त्या बागांत शिरला तेव्हा शेतकऱ्यांना झाडे उपटून फेकावी लागली. सगळी सारखी, म्हणजे सगळी सारखीच कमजोर. अळ्यांच्या वस्तीत दहा लाखांत एक तरी वेगळी निघाली आणि तिने जात तारली. केळीच्या बागेत वेगळे कोणीच नव्हते.

आता कोणी म्हणेल, हे सारे तर्काने ठीक आहे. पण कुलूप खरोखर बिघडले हे कशावरून? येथे मला धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाची आठवण होते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली गेले आणि दुसऱ्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावाने हे मंडळ उभे केले. जुन्या पोथ्या, बखरी, कागद यांचा तेथे मोठा संग्रह आहे. जुन्या पोथ्या जुळवणाऱ्यांची एक युक्ती असते. पोथ्या हाताने उतरवल्या जात आणि उतरवणारा चुका करी. दोन पोथ्यांत बरोबर मजकूर सारखा असला तर त्यावरून फारसे कळत नाही. पण दोहोंत तीच चूक, त्याच ओवीत, त्याच अक्षरात असली, तर दोन्ही एकाच पोथीवरून उतरल्या हे पक्के समजावे. चुका वेगवेगळ्या असल्या तर नकलणारे वेगळे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अशाच अनेक प्रती ताडून पाहून. चूक ही पोथीची वंशावळ सांगते.

जनुकांच्या पोथीला हीच युक्ती लागू पडते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत विष देऊन देऊन गुलाबी अळीचे न मरणारे वाण मुद्दाम तयार केले होते, आणि त्यांच्या कॅडहेरिनच्या जनुकात चार प्रकारचे बिघाड सापडले होते. मग २०१४ साली भारतातल्या अळ्यांवरचे संशोधन प्रसिद्ध झाले. सात ठिकाणच्या ४३६ अळ्यांचे डीएनए तपासले. ॲरिझोनातल्या चार चुकांपैकी एकही चूक त्यांत नव्हती. पण हिंदुस्थानच्या शेतांतल्या अळ्यांचा तोच उतारा अक्षर-अक्षर वाचला तेव्हा आठ नवे बिघाड हाती आले. कुठे वाक्य पुरे होण्याआधीच पूर्णविराम पडलेला, कुठे शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त अक्षरांचा तुकडाच गळालेला. कुलूप तेच, पण मोडण्याचे प्रकार निराळे. याचा अर्थ काय? न मरणारी अळी कोणा एका ठिकाणी जन्मून जगभर पसरली नाही. ॲरिझोनात आणि हिंदुस्थानात विषाची चाळण लागली, आणि दोन्हीकडे जे मोडके कुलूप हाताशी होते ते वर आले. २०१८ साली दुसऱ्या विषाबद्दलही असेच उघडकीला आले. तेथे कुलूप वेगळे, मोडतोड मात्र झालीच होती. कोणी हा बदल योजला नाही, कोणा अळीने तो इच्छिला नाही. योजनेने झालेल्या कामात इतक्या तऱ्हेच्या चुका नसतात.

याच्या उलट, तीच चूक दोघांच्या पोथीत सापडल्याचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. गाय, शेळी, कुत्रा, उंदीर यांना लिंबू किंवा आवळा लागत नाही. क जीवनसत्त्व त्यांचे शरीर स्वतः बनवते. माणसाला ते बाहेरून घ्यावे लागते, नाहीतर पूर्वीच्या खलाशांसारख्या हिरड्या सुजून तो आजारी पडतो. वास्तविक हे जीवनसत्त्व तयार करण्याच्या कामातले शेवटचे जनुक आपल्यापाशीही आहे. पण ते मोडके आहे; त्याचे मोठाले तुकडे गळाले आहेत. आणि चिंपांझीच्या पोथीत पाहिले तर त्याच जागी तेच जनुक तशाच तऱ्हेने मोडलेले. गिनिपिगलाही हे जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याच्या जनुकाची मोडतोड वेगळी, त्याच्या घरची. चिंपांझी आणि आपण एकाच फाटक्या पोथीवरून उतरलो आहोत. जळगावच्या पत्रलेखकांनी परसातल्या माकडाकडे या दृष्टीने एकदा पाहावे. त्यालाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही. त्यांच्या पेरूंवर त्याचा डोळा असतो यात नवल नाही. तो पाहुणा नसून भाऊबंद आहे.

आता पुन्हा नानांच्या शेतावर येऊ, कारण या गोष्टीत ज्याचे पैसे बुडाले तो माणूस तेथे उभा आहे.

हे सारे अगोदर ठाऊक नव्हते असे नाही. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक लहान पुडी मिळत असे. तीत साधे, बिनविषाचे बियाणे. शेताच्या कडेने त्याच्या पाच ओळी किंवा एकंदर क्षेत्राचा पाचवा हिस्सा, यांत जे जास्त असेल तेवढे पेरावे असा नियम होता. शेतकरी त्याला रेफ्युजी म्हणत. मी नानांना विचारले, "त्या पुडीचे तुम्ही काय केलेत?"

"काय करणार? बांधावर फेकली," नाना म्हणाले. "अरे, पाच ओळी अळीसाठी पेरायच्या आणि ती आनंदाने जेवताना आपण बघत बसायचे? वर तिला चकल्या-करंज्याही नेऊन द्यायच्या काय?"

हसण्यासारखेच आहे ते. पण हिशेब पाहा. त्या पाच ओळींत साध्या कुलपाच्या हजारो अळ्या जगल्या असत्या. दहा लाखांतून वाचलेल्या त्या एकीला लग्नाला जोडीदार भेटला असता तो त्यांच्यातलाच, चांगल्या कुलपाचा. मुलांना एक मोडके आणि एक चांगले कुलूप मिळाले असते आणि ती मुले बीटीच्या झाडावर मेली असती. आपल्याकडे जेवणाआधी गोग्रास काढून ठेवतात. हा अळीचा घास होता; तो आपण काढला नाही, म्हणून तिने सारे ताट उचलले.

ही नुसती कागदावरची गोष्ट नव्हे. ॲरिझोनात बीटी कपाशी १९९६ पासून होती, आपल्याहून सहा वर्षे आधी. तेथे शेतकऱ्यांनी साध्या कपाशीच्या ओळी नेमाने पेरल्या, आणि अळी बीटीवर मरतच राहिली. पुढे २००६ पासून त्यांनी वांझ केलेली अब्जावधी पाखरे विमानांतून सोडली, म्हणजे जी थोडी उरली होती त्यांचाही वंश खुंटावा. आणि २०१८ साली अमेरिकेने आपल्या कापसाच्या मुलखातून गुलाबी अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. अळी तीच, पहिले विष तेच. एका देशात तिचा निर्वंश झाला, दुसऱ्या देशात विषाचा झाला. चीनमध्ये तर साध्या कपाशीची रोपे बीटीत मिसळली गेल्यावर अळ्यांच्या वस्तीत विषाने मरणाऱ्यांचे प्रमाण पुन्हा वाढले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे चाळण उलटीही फिरवता येते.

सारा दोष पुडी फेकणाऱ्याच्या माथी मारणे मात्र न्यायाचे नाही. अडीच-तीन एकरांचा धनी पाचवा हिस्सा अळीला देऊ शकत नाही, हे नियम करणाऱ्यांना कळायला हवे होते. शिवाय आपल्याकडे सगळी बीटी संकरित. संकरिताच्या बोंडात पुढची पिढी असते, आणि एका विषाच्या कपाशीत त्या बोंडातल्या चार सरक्यांपैकी साधारण एकीत विष उतरतच नाही. अळी सरकीच खाणारी. म्हणजे बोंडातल्या बोंडात तिला अर्धवट मात्रा मिळते आणि जिचे एक कुलूप चांगले आहे तिलाही तग धरायची संधी लाभते. त्यात बागायतदार मे महिन्यात कपाशी लावतो आणि पैशांच्या ओढीने फरदड मार्चपर्यंत ठेवतो. अळीला वर्षभर घर आणि वर्षभर जेवण. आता बिनविषाचे बी पाकिटातच मिसळून देतात, कृषी खाते कामगंध सापळे लावा, डोमकळ्या तोडून जाळा, मेमध्ये लावू नका, फरदड घेऊ नका असे सांगत असते. यांतला प्रत्येक उपाय म्हणजे अळीच्या पिढ्या मोजून त्यांतली एक पिढी कमी करण्याची खटपट आहे. उत्क्रांती न मानता यांतला एकही सल्ला समजावून सांगता येत नाही.

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळला, तेव्हा देशातल्या पुष्कळ शास्त्रज्ञांनी जाहीर निषेध केला. हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहे असे उत्तर मिळाले. पण दहावीनंतर शेतावर जाणाऱ्या मुलाचे काय? शहरातल्या घरी हा विषय जेवणानंतरच्या वादाचा असतो. माकड की माणूस, यावर दोन घटका हसून सारे झोपायला जातात. कपाशीवाल्याच्या घरी त्याचीच उधारी होते. उद्या तिसऱ्या विषाची कपाशी येईल, चौथ्या विषाची येईल, पाकिटावरचे चित्र अधिक सुंदर असेल. पण चाळणीचा नियम पाकिटाबरोबर बदलत नाही. अळीचा घास काढायचा नाही असे ठरवले तर ती किल्लीही काही वर्षांत गंजेल.

नानांना हे सारे मी एका बैठकीत सांगितले नाही. गेली काही वर्षे दर दिवाळीत थोडे थोडे बोलणे होते. 'सवय' हा शब्द मात्र त्यांनी सोडला आहे; आता ते 'निवडून निघालेली अळी' म्हणतात, आणि गावातल्या पोरांना दहा लाखांचा हिशेब माझ्याहून झटपट सांगतात. गेल्या वर्षी त्यांनी डिसेंबरातच पऱ्हाटी उपटून शेत मोकळे केले. बांधापलीकडच्या शेजाऱ्याने फरदड ठेवली. पाखराला बांध दिसत नाही, त्यामुळे नानांच्या शहाणपणाचे अर्धे फळ शेजाऱ्याच्या शेतातल्या अळ्यांनी खाल्ले. एकट्याने करायचे हे काम नव्हे, हे नानांना आता माझ्यापेक्षा चांगले कळते. म्हणून यंदा भाऊबीज झाली, की ते फराळाचे ताट घेऊन शेजाऱ्याच्या ओट्यावर जाणार आहेत. ताटात वहिनींच्या हातच्या चकल्या असतील, आणि नानांच्या खिशात दोन किडकी बोंडे.